डावा कळा

"मी काय सैतान आहे का रे विश्राम, तुझा आत्मा मागायला?"

असं म्हणून अण्णा रहाटे खो खो हसले आणि गड्याच्या डोक्यावरून उतरवलेला फणस त्यांनी पायानंच माझ्याकडे सरकवला. "कापा आहे. घरच्या झाडाचा. म्हातारीला आवडतो ना? आत ठेव आधी, मग काय तो आत्म्याबित्म्याचा विचार कर."

मी फणस उचलला. देठातून चीक ठिबकत होता. त्यातला एक थेंब माझ्या धोतरावर पडला आणि शेवटपर्यंत निघाला नाही.

अण्णा म्हणजे आमच्या हायस्कुलाच्या संस्थेचे चेअरमन. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा आणि जिभेवर मध. त्यांनी कोणाला शिवी दिलेली मी कधी ऐकली नाही. पंचक्रोशीत कोणाचं काम अडलं की माणूस आधी वाघजाईपुढं नारळ ठेवायचा आणि तिथून तडक अण्णांच्या ओटीवर जायचा. आणि मी म्हणजे त्याच वाघजाईचा गुरव. वय सव्वीस, शिक्षण मॅट्रिक, आणि बाप वारल्यापासून देवीची पूजा नि गावाचे कौल माझ्या गळ्यात. मॅट्रिकचा कागद आईनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. सात वर्षं त्याला कुत्र्यानंही विचारलं नव्हतं.

१९७८ सालचा वैशाख होता. अण्णा अर्धा तास बोलत होते, आणि त्यात त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, शाळेत क्लार्कची जागा मंजूर झालीय, कायम जागा, तेवीस अर्ज आलेत आणि त्यांच्या मनात एकच नाव आहे. दुसरी, येत्या मंगळवारी सोनू मांडवकर देवळात कौल लावायला येणार आहे. अण्णांच्या पुतण्यासाठी, मोहनसाठी, त्यांनी सोनूच्या अनशीला मागणी घातली होती, आणि सोनूचं घोडं पेंड खात होतं. देवीनं उजवा दिला तर पोरगी देतो, असं म्हणाला होता तो. दोन्ही गोष्टी अण्णांनी अशा सांगितल्या, की जणू एकीचा दुसरीशी काही संबंधच नाही.

"अण्णा, कौल देवी देते," मी म्हणालो. "मी मधे हात घातला तर ते आत्मा विकल्यासारखं होईल."

त्यावर ते सैतानाचं बोलले.

मी फणस ठेवून बाहेर आलो, तर ते सुपारी कातरत होते. "हे बघ," म्हणाले, "देवी उजवाच देणार, माझी श्रद्धा आहे. पण पाणी कमीजास्त होतं, वारा येतो. आपण आपली काळजी घ्यायची. शाळेची ऑर्डर मी बुधवारी टाईप करायला देतोय."

"मोहनची पहिली बायको..."

"वेडसर होती ती. पळाली. पोराचा काय दोष?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. माझा मामेभाऊ मुंबईत मोहनच्याच चाळीत राहायचा. गणपतीला आला तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं होतं. मोहन शनिवारी दार लावून घ्यायचा आणि पट्ट्यानं मारायचा. त्या बाईच्या पाठीला चाळीतल्या बायका हळद लावायच्या. पळाली नसती तर मेलीच असती, असं भाऊ म्हणाला होता.

ऑर्डर बुधवारी टाईप होणार होती. मला तेवढंच ऐकू येत होतं.

*

कौल म्हणजे काय, ते सांगतो. आमची देवी काळ्या पाषाणाची. तगरीचे दोन कळे, म्हणजे न उमललेल्या कळ्या, पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर लावायच्या. गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, जो प्रश्न असेल तो विचारायचा आणि बाजूला व्हायचं. उजवा कळा आधी पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. विहीर खणायची असो, भावाभावांचा तंटा असो की सोयरीक असो, आमच्या गावात त्या दोन कळ्यांपुढं तलाठीही बोलत नसे.

बापानं मला हे शिकवलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तो म्हणाला होता, "कळा आणि देवी यांच्या मधे फक्त पाणी. दुसरं काय नाय. तुझी इच्छापण नाय." माझा बाप फार बोलायचा नाही, पण हे मात्र त्यानं दोनदा सांगितलं.

आणि अनशी. कागदावर अनसूया, पण अनसूया म्हटलं तर तिनं ओ दिली नसती. दोन घरं टाकून राहायची. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची. त्या दिवसापासून माझ्या आईनं तिला माझ्याच ताटात जेवायला घातलं. मला बहीण नाही, तिला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला तीच मला ओवाळायची आणि ओवाळणीत काय घातलं ते सगळ्यांदेखत मोजून माझी फजिती करायची. रोज सकाळी देवळात यायची, देवीचा हार ओवायची आणि आदल्या दिवसाचं निर्माल्य टोपलीत भरून व्हाळाच्या पाण्यात सोडून यायची. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनंच धरलं होतं. त्या वैशाखात ती एकोणीस वर्षांची होती.

सोमवारी दुपारी आईनं फणस फोडला. विळीला आणि हातांना तेल लावून बसली होती, चीक काडीला गुंडाळत होती. अनशी आली ती वासावरच.

"मावशे, कापा काय गो?"

"बस. खा." आईनं तिच्यापुढं वाटी सरकवली. "अण्णा रहाट्यानं आणून दिला. त्याला आमच्या दाराची वाट कशी आठवली, देवीलाच माहीत."

अनशीनं चार गरे खाल्ले. पाचवा हातात घेऊन तसाच ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"दादा, तुझा मामेभाऊ त्यांच्याच चाळीत राहतो ना?"

"हं."

"काय म्हणतो? माणूस कसा आहे?"

आई आत पाणी आणायला गेली होती. ओटीवर आम्ही दोघंच. मला वाटतं, माझ्या जन्मात मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नाही. आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"तो काय बोलला नाही," मी म्हणालो. "त्याची पाळी रात्रीची असते. त्याला काय कळणार?"

"मला भीती वाटते रे. बाबा म्हणतात, हुंडा मागत नाहीत, लग्नाचा खर्च करतायत, माझ्यामागं दोन बहिणी आहेत. ते सगळं मला कळतं. पण पहिली का गेली, ते कोणीच सांगत नाय." मग ती एकदम हसली. "जाऊ दे. उद्या देवी सांगेल. तिनं सांगितलं तर जाईन मी. मग भीती नाय."

ती हात धुवायला उठली. मी काडीवर गुंडाळलेल्या चिकाकडे बघत बसलो. आईनं ती काडी पडवीच्या कुडात खोचून ठेवली होती.

*

मंगळवारी सकाळी मी देवीला अंघोळ घातली. रोज मी मूर्ती ओलीच ठेवतो. त्या दिवशी पंच्यानं पुसली. डावा खांदा दोनदा पुसला. काडीवरचा चीक चिंचोक्याएवढा तोडून मी कनवटीला लावून आणला होता. तो मळायला घेतला, तर अंगठा दोनदा मागं आला. म्हणजे बघा, हातांना लाज होती. मलाच नव्हती.

मंडपात सोनू, गावचे चार मानकरी आणि मागं बायका. अण्णा आले नव्हते. असली माणसं अशा वेळी कधी येत नाहीत. गाभाऱ्यात गुरवाखेरीज कोणी येत नाही आणि आत समईपुरताच उजेड. मंडपातून फक्त कळे दिसतात, पांढरे दोन ठिपके.

उजवा कळा मी पाण्यात बुडवून लावला. डाव्याच्या पाठीला चीक.

"हे आई वाघजाई, बारा वाड्यांच्या धनीनबाय! तुझं लेकरू सोनू मांडवकर तुझ्या पायरीशी आलाय..."

"व्हय महाराजा!" मागून मानकरी म्हणाले.

"त्याच्या लेकीला रहाट्यांच्या घरची मागणी हाय. सोयरीक बरी असंल तर उजवा दे, बरी नसंल तर डावा दे. काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे..."

"व्हय महाराजा!"

चुकलंमाकलं! ते शब्द गाऱ्हाण्यात असतातच. मी ते रोज म्हणतो. त्या दिवशी ते मी खोटं खोकत उरकले.

मी बाजूला झालो. नेहमी दोन-चार मिनिटांत निकाल लागतो. त्या दिवशी किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. उजवा कळा पाण्यानं लावलेला, तो हलायला तयार नव्हता, खिळा मारल्यासारखा. आणि डावा, चिकानं लावलेला, तो सुटला.

होय, सुटला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खांद्यावरून निसटला आणि खाली घसरला, पण चिकाची केसासारखी तार निघाली आणि त्या तारेवर तो बोटभर खाली लोंबकळत राहिला. मंडपातून ते दिसलं नसणार. मला दिसलं. देवीनं डावा दिला होता, आणि माझ्या हातानं तो धरून ठेवला होता.

अजूनही वेळ गेली नव्हती. नुसता हात पुढं करून तार तोडायची होती.

मी हात पाठीमागं बांधले. समईची वात फडफडली. मग केव्हातरी उजवा कळा टप्पकन पडला आणि मंडपात सोनू मोठ्यानं रडायलाच लागला. "दिला! आईनं उजवा दिला!" बिचारा वर्षभर झोपला नव्हता. त्याला वाटलं, आता देवीनंच पोरीचा भार घेतला.

मी घाईघाईनं दोन्ही कळे काढले, निर्माल्याच्या टोपलीत टाकले आणि बाहेर येऊन सगळ्यांना तीर्थ दिलं. अनशीच्या हातावर तीर्थ घालताना मी वर बघितलं नाही.

दुपारी मी घरी ओटीवर राखेनं हात घासत बसलो होतो. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला चीक बसला होता, त्यावर धूळ बसून काळा पडला होता. घासून घासून कातडी लाल झाली, पण तो हटेना. अनशी आली. हातात खोबरेलाची वाटी होती.

"लाव," म्हणाली. "चीक पाण्यानं जात नाय, राखेनं पण नाय. तेलच लागतं."

"फणस... कालचा फणस..." मी म्हणालो.

"हो. कालचा फणस." ती उभी राहिली. मी बोटांना तेल चोळलं. ती बघत होती. "दादा, काय बोलायचंय काय तुला?"

"नाही गो. काय बोलायचं? सुखी हो."

ती आणखी थोडा वेळ थांबली, मग वाटी तिथंच ठेवून गेली.

*

लग्न अकरा दिवसांवर धरलं. ते अकरा दिवस मी कसे काढले? खोटं कशाला बोलू, छान काढले. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. शुक्रवारी अण्णांचा गडी ऑर्डर घेऊन आला, तेव्हा आईनं तो कागद देवीपुढं ठेवला, डोळे पुसले आणि शिरा केला. शिरा मी दोनदा मागून घेतला.

अनशी रोज देवळात येत राहिली. लग्न ठरलेल्या पोरीनं घराबाहेर पडू नये म्हणून बायका बोलायच्या, तरी यायची. हार ओवायची, निर्माल्य टाकायची. जायच्या आधी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभी राहायची आणि म्हणायची, "दादा, येते हं मी." आणि लगेच जायची नाही. मला वाटायचं, माहेर सुटणार म्हणून पोरीचा पाय निघत नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं. मी समई पुसत राहायचो. ती समई त्या अकरा दिवसांत इतकी लख्ख झाली, की आईनं मला विचारलं, हे काय नवीन?

लग्नात कानपिळी असते. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. नवरीला सख्खा भाऊ नाही म्हटल्यावर कोणाला बोलावणार? सोनूनं माझाच हात धरून मला मांडवात नेलं.

मोहन माझ्यासमोर बसला होता. मुंडावळ्या बांधलेल्या, पानानं रंगलेले ओठ. दिसायला राजबिंडा. मी त्याचा कान धरला. "जोरात पिळ रे!" बायका ओरडल्या. "भाऊ आहेस की कोण!" मी पिळला. मोहन हसला. बाजूला अनशी खाली मान घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मुंडावळ्यांतून तिचे डोळे दिसत होते. रडत नव्हती. वाट बघत असल्यासारखी बघत होती.

अण्णांनी पुढं होऊन माझ्या खांद्यावर मानाचं उपरणं टाकलं आणि बेंडबाजा सुरू झाला.

जूनच्या पहिल्या तारखेला मी शाळेत हजर झालो. हजेरीच्या पुस्तकात माझं नाव लिहिलं आणि त्यापुढं सही केली. निळ्या शाईनं. गोष्टीतला सैतान रक्तानं सही करून घेतो म्हणतात. आमच्याकडे एवढं कडक नव्हतं.

दोन वर्षांनी अनशी माहेरी आली ती एक हात गळ्यात बांधून. माझ्या आईनं तिला न्हाऊ घातलं. न्हाणीतून आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "विश्राम, पाठ बघवत नाय रे पोरीची. देवीनं उजवा दिला होता ना? मग? देवीचं काय बिघडवलं होतं या पोरीनं?"

मी म्हणालो, "नशीब, आये."

त्या दिवसापासून माझ्या आईनं देवीशी अबोला धरला. गुरवाची बायको, गुरवाची आई, पण देवळाची पायरी पुन्हा चढली नाही. तिकडून पालखी आली की ही दार लावून घ्यायची. सात वर्षांनी मेली. शेवटच्या दिवशी मी तिच्या तोंडात देवीचं तीर्थ घालायला गेलो, तर तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. देवीवरचा तो राग माझ्या वाट्याचा होता. मी तो देवीवरच राहू दिला. एका शब्दानं म्हातारी सुखानं गेली असती, आणि तो शब्दही माझ्याकडून निघाला नाही.

*

हात गळ्यात बांधून आलेली अनशी पुन्हा गावात आली ती तेहतीस वर्षांनी.

बातम्या कानावर यायच्या. मुलगी झाली. मग मुलीला घेऊन तिनं ते घर सोडलं, कुठल्या बालवाडीत कामाला लागली. सोनू गेला तेव्हा तिला कळवायला पत्ताच नव्हता. मोहन गेला. अण्णा तर कधीच गेले, शाळेत त्यांचा फोटो लागला, त्याला दर वर्षी हार मीच आणायचो. मी रिटायर झालो आणि पुन्हा पूर्णवेळ देवळात येऊन बसलो. एक मात्र खरं, त्या मंगळवारनंतर मी कोणाला कौल लावून दिला नाही. डोळ्यांना दिसत नाही, हात कापतो, अशी कारणं सांगायचो. शेवटी चुलत्याचा मुलगा लावायला लागला.

मंगळवारच होता. मी मंडपात बसून निर्माल्य निवडत होतो. पायरीवर एक बाई चपला काढताना दिसली. पांढरे केस, चष्मा, खांद्याला पिशवी. तिनं आत येऊन देवीला नमस्कार केला आणि पिशवीतून हळदकुंकू लावलेली पत्रिका काढून उंबऱ्यावर ठेवली.

"लेकीचं लग्न आहे," ती म्हणाली. "पहिली पत्रिका देवीला."

आवाजावरून ओळखलं. पण या मेल्या जिभेला गुरवाची सवय. मी विचारलं, "कौल लावायचाय?"

ती हसली. "नको रे दादा. तिनं दोन वर्षं बघून-सवरून ठरवलंय. मुलगा तिच्याच हॉस्पिटलात असतो."

ती माझ्यासमोर खाली बसली. टोपली तिनं आपल्याकडे ओढली आणि माझ्याबरोबर फुलं निवडायला लागली, जणू कालच इथून उठून गेली होती.

"निर्माल्य आता कोण टाकतं?"

"मीच."

"तेव्हा मी टाकायची." दोन-तीन फुलं तिनं बाजूला काढली. "त्या मंगळवारीपण मीच टाकलं."

मी हात थांबवला.

"वरतीच दोन कळे होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एक सुटा होता. दुसरा माझ्या बोटाला चिकटला. व्हाळात हात बुडवला तरी निघेना. घरी जाऊन खोबरेल लावलं, तेव्हा निघाला. मग तीच वाटी तुझ्याकडे घेऊन आले."

देवळात दुसरं कोणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"अनशे... तेव्हाच का नाही ओरडलीस गो? चार माणसांत का नाही सांगितलंस?"

"सांगून? गावानं तुला त्या पायरीवरून फरफटत नेला असता. आणि मावशीचं काय झालं असतं? तिच्या हातचं खाऊन वाढले मी. तिचं तोंड काळं करून माझं लग्न मोडायचं होय?" तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "शिवाय मला वाटलं, तू बोलशील. अकरा दिवस होते. रोज येत होते ना मी? रोज थांबत होते. उद्या बोलेल, म्हणायचे. कान पिळलास ना त्याचा, तेव्हासुद्धा वाटलं, आता बोलेल."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी हात जोडले. ती एकदम करड्या आवाजात म्हणाली, "हात खाली कर. माफी घ्यायला-द्यायला आले नाय मी. लग्नाला ये, जेवून जा. कानपिळीला तिचा मावसभाऊ आहे, त्याला सांगितलंय."

"येतो," मी म्हणालो.

ती उठली. टोपली उचलून कमरेवर घेतली, व्हाळाकडे जायला निघाली आणि पायरीवर थांबली.

"एकच विचारायचं होतं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं. काय मिळालं होतं रे तुला?"

"शाळेत... क्लार्कची जागा."

"कायम?"

"कायम. बत्तीस वर्षं."

तिनं मान हलवली. खरंच तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

"मग ठीक आहे," अनशी म्हणाली. "मला आपलं वाटायचं, त्या एका फणसावरच दिलीस की काय. त्यातले चार गरे तर मीच खाल्ले होते."